चार नक्षत्रे जाळे खुंटीला



मृग जवळ आला की शेतकऱ्याच्या घरात दोन गोष्टींची एकदम आठवण होते. एक पेरणीची आणि दुसरी माशांची. बियाणे निवडून ठेवले जाते, अवजारे दुरुस्त होतात, आणि त्याच वेळी माळ्यावरचे जाळेही खाली उतरते. आपल्या हैदराबादेत तर मृगशिरा कार्तीला मासा खाल्लाच पाहिजे, असा जुना रिवाज आहे. ८ जूनच्या सुमारास मुशीराबादच्या मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याचे रोगी औषध भरलेले मरळीचे जिवंत पिलू गिळण्यासाठी रांगा लावतात. (या औषधाचा गुण वैद्यकीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. दमेकऱ्याने त्याच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या व पंप बंद करू नयेत, एवढे आरोग्याच्या पानावर सांगितलेच पाहिजे.)

"फादर, मासे धरायला चांगली वेळ कोणती?" हा प्रश्न या दिवसांत पुष्कळदा कानी येतो. विचारणाऱ्याला उत्तर बहुधा ठाऊकच असते. पहिला पूर यावा, ओढा वाहू लागावा आणि आपण टोपली घेऊन बांधावर उभे राहावे. मासा आपणहून हातात येतो. हे उत्तर खोटे नाही. त्या दिवशी मासा जितका सहज सापडतो तितका वर्षभरात कधी सापडत नाही. परंतु माझे मत असे आहे की, नेमक्या याच कारणासाठी त्या दिवशी तो धरू नये. मासा सापडण्याची वेळ वेगळी आणि मासा धरण्याची वेळ वेगळी. पहिली पाण्यावरून ओळखता येते; दुसरी मात्र विवेकाने ठरवावी लागते. दोन्हींचा विचार आज करू या.

मासा केव्हा चरतो

पुष्कळ जण पंचांग पाहून गळ टाकतात. त्यापेक्षा पाणी पाहावे. मासा केव्हा खाईल हे ठरविणाऱ्या मुख्य गोष्टी तीन: पाण्याची ऊब, पाण्यातील प्राणवायू आणि उजेड.

माशाचे अंग पाण्याइतकेच गरम किंवा थंड असते. पाणी गारठले की त्याचे पचन मंदावते आणि भूक मरते. आपल्या तळ्यांतील रोहू, कटला व मृगळ हे मासे साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सियस पाण्यात उत्तम चरतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटे पाच वाजता गळ घेऊन कुडकुडत बसण्यात काही अर्थ नसतो. त्या दिवसांत सकाळी दहा-अकरानंतर, काठाजवळचे उथळ पाणी उन्हाने तापू लागले म्हणजे मासा तिकडे येतो. दुपारी तीनपर्यंतचा वेळ थंडीत सर्वांत चांगला. मे महिन्यात याच्या उलट. दुपारी उथळ पाणी चटके देते आणि मासा बांधाखालच्या खोल भागात जाऊन स्वस्थ बसतो. तेव्हा सकाळचे पहिले दोन तास आणि सूर्य मावळतानाचा तास, एवढाच काळ कामाचा.

दुसरी गोष्ट प्राणवायू. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. दिवसा पाण्यातील शेवाळ व वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात. रात्री त्या स्वतःच तो वापरू लागतात. त्यामुळे हिरव्यागार, दाट शेवाळाच्या तळ्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मावळतीपूर्वी सर्वांत जास्त. "पहाटेचा मासा" हे म्हणणे स्वच्छ पाण्याला लागू पडते. हिरव्या तळ्याला नाही. हिरव्या तळ्यात सूर्य चांगला वर येऊ द्यावा, मग गळ टाकावा.

ढगाळ हवा दोन-तीन दिवस टिकली, वारा पडला, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागले, तर काय समजावे? मासा भुकेने वर आला असे समजून लोक जाळे फेकतात. तो भुकेने आलेला नसतो. त्याचा श्वास कोंडलेला असतो. स्वतःच्या शेततळ्यात असे दिसले तर जाळे ठेवून आधी पंप चालू करावा, पाणी उंचावरून पाडून ढवळावे, आणि त्या दिवशी खाद्य व शेणखत बंद ठेवावे. थोडा उशीर झाला तर वर्षाचे पीक एका सकाळी उलटे तरंगताना दिसते.

तिसरी गोष्ट उजेड. माशाला पापणी नसते. भर उन्हात स्वच्छ पाण्यात त्याला काठावरची आपली सावलीही दिसते आणि गळाची दोरीही. हलका वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या की उजेड मोडतो, मासा निर्धास्त होतो. शिवाय ज्या काठावर वारा लाटा लोटतो तिकडे किडे व अन्नाचे कण गोळा होतात. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून बसण्याचे सुख सोडावे आणि लाट जिथे आपटते त्या काठाला बसावे. पाणी नुकतेच गढूळ झाले असेल तर माशाला नजरेने घास दिसत नाही. तेव्हा कणकेच्या गोळ्यापेक्षा वासाचे गांडूळ बरे. तळ्याची मोरी उघडून पाणी झपाट्याने उतरत असेल तर मासा काठ सोडून खोलात जातो; पाणी स्थिर होईपर्यंत थांबावे.

चंद्राचे म्हणाल, तर जाळेवाल्यांना अमावास्येकडचे दिवस आवडतात याचे कारण साधे आहे: अंधारात पाण्यात उभे केलेले जाळे माशाला दिसत नाही. गालिली सरोवरावरचे कोळी रात्रीच जाळी टाकीत, त्यामागेही हेच. त्यांची तागाची जाळी दिवसा माशांना दिसत असत. संत पेत्राने रात्रभर कष्ट करून काही न मिळाल्याची तक्रार केली, ती अनाड्याची नव्हती. योग्य वेळी योग्य काम करूनही रिकाम्या हाताने परतलेल्या जाणत्या माणसाची होती.

आपल्या तळ्यांचे वर्ष

आता हे सारे आपल्या भागातील वर्षाला लावून पाहू. तेलंगणात काकतीय राजांच्या काळापासून एकाखाली एक अशी तळ्यांची साखळी आहे. वरचे तळे भरले की त्याचे पाणी सांडव्यावरून, ज्याला इकडे मत्तडी म्हणतात, खालच्या तळ्यात उतरते. २०१५ पासून मिशन काकतीय योजनेत यांतील हजारो तळ्यांचा गाळ काढण्यात आला. २०१६ पासून सरकारने तळ्यांत मत्स्यबीज फुकट सोडण्यास सुरुवात केली. हे बीज बहुतांशी कटला, रोहू, मृगळ यांचे असते आणि ते पाऊस पडून तळी भरल्यावर सोडतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे गळाचे खरे महिने. पाणी निवळलेले असते, पातळी स्थिर असते, ऊब बेताची असते आणि पावसाळ्यात जन्मलेली पिले थोडी मोठी होऊन आईबापांपासून सुटी झालेली असतात. डिसेंबर-जानेवारीत दुपारचे गळ. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागते आणि पावसाळ्यात सोडलेले बोटभर बीज वजन धरू लागते. आपला उपवासकाळ याच सुमारास येतो आणि शुक्रवारी माशाला मागणी वाढते. तळ्याच्या पिकाचा हंगामही तेव्हाच सुरू होतो, ही चांगली सोय आहे. मार्च, एप्रिल व मे हे जाळ्याचे महिने. जे तळे मेअखेर आटणारच आहे, त्यातील सोडलेले मासे काढून घेण्यात काहीच गैर नाही. न काढले तर ते चिखलात मरतील आणि बगळे खातील. मृगाच्या दिवशी बाजारात येणारा मासाही बहुतेक अशाच उतरत्या तळ्यांतला, किंवा आंध्र किनाऱ्याकडच्या मत्स्यतळ्यांतला असतो. तो आनंदाने खावा. माझे त्याच्याशी भांडण नाही.

एकच गोष्ट सांगतो. आटत्या तळ्यात शेवटी जो एखादा खोल डोह उरतो, त्याला हात लावू नये. पुढच्या वर्षीची मरळ, शिंगी, मांगूर आणि वाम त्यात जीव धरून असतात. त्या डोहात शेवटचे जाळे ओढणारा माणूस दोन किलो माशांसाठी तळ्याचे बियाणे खातो. आपण शेतकरी आहोत. उपाशी राहिलो तरी बियाण्याच्या कणगीला हात लावू नये, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

चढणीचा मासा

आणि मग मृग, आर्द्रा. पहिला मोठा पाऊस पडतो. कोरड्या ओढ्यांतून तांबडे पाणी तळ्यात शिरते. त्या ताज्या पाण्याचा वास व ओढ लागताच मासे प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. ओढ्यात, पाटात, पाणी भरलेल्या धानाच्या शेतात शिरतात. कोकणात याला वलगण म्हणतात, चढणीचे मासे म्हणतात. आपल्यापैकी ज्यांची मुळे गोदावरीकाठी किंवा नांदेड-बीदरकडे आहेत त्यांनीही लहानपणी ही धांदल पाहिली असेल. अवघ्या वितभर पाण्यात मासे तडफडत वर चढत असतात आणि पोरेसोरे ते हातांनी धरत असतात.

हा मासा का चढतो? त्याला अंडी घालायची असतात. बांधाच्या तोंडाशी टोपली लावून जो मासा आपण धरतो त्याचे पोट फुगलेले असते, आणि घरी तो चिरताना गाबोळी निघाली की आपण खूश होतो. रोहूच्या मादीत तिच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण २ लाख अंडी असतात. सगळी काही जगत नाहीत. हजारांतले एखादेच मोठे होते. पण चढत्या वाटेवर आई धरली की त्या एकाचाही हिशेब मिटतो.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. म्हणूनच डॉ. हीरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे माशाला ग्रंथीरसाचे इंजेक्शन टोचून त्याची वीण करून दाखविली, ती एवढी मोठी गोष्ट ठरली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. आज तळ्यात पडणारे बीज या रीतीने केंद्रांत तयार होते. तेव्हा लहान तळ्यातील रोहू मृगात धरला तर फार बिघडत नाही; पण मांजरा वा गोदावरीत, किंवा सिंगूर, निजामसागर यांसारख्या धरणांच्या वरच्या अंगाला, जिथे नदी येऊन मिळते, तिथे चढता रोहू धरणे म्हणजे नदीचे बीजकेंद्रच मोडणे होय.

आणि मरळ, शिंगी, मांगूर, खवल्यांचे लहान गावठी मासे? त्यांना कोणी सरकारी गाडी भरून तळ्यात सोडत नाही, किंवा सोडले तरी फार थोडे. ते तळ्याच्या काठच्या गवतात आणि आपल्याच धानाच्या बांधीत वितात. त्यांचे बीजकेंद्र म्हणजे आपले शेत. ते राखणारा आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही.

मरळीची लाल पिले

मरळीविषयी चार शब्द अधिक लिहितो, कारण ती आपल्या राज्याचा मासा आहे. तेलुगूत तिला कोर्रमीनू म्हणतात आणि २०१६ साली तेलंगणाने तिला राज्यमत्स्य म्हणून मान दिला. काटे कमी, चव चांगली. आजाऱ्याला व बाळंतिणीला ती देण्याची रीत आहे. बाजारात तिला रोहू-कटल्यापेक्षा पुष्कळ चढा भाव मिळतो.

मरळ अंडी घालून निघून जाणारी नाही. नर-मादी मिळून काठच्या गवतात जागा साफ करतात. पिवळसर अंडी पाण्यावर तरंगतात आणि दोघे खाली पहारा देतात. एकदोन दिवसांत पिले फुटतात. ती शेंदरी-लाल रंगाची असतात आणि हजारोंच्या संख्येने एकत्र गोळा होऊन फिरतात. पाण्यावर लाल ढग हलताना दिसतो, त्याच्या खाली आईबाप असतात. मरळ हवेत श्वास घेणारा मासा असल्यामुळे तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावेच लागते, आणि पिलांजवळ काहीही आले तरी ती त्यावर तुटून पडते.

जाणत्या गळवाल्याला हे पक्के ठाऊक असते. लाल पिले दिसली की तो त्यांच्या मधोमध बेडकी लावलेला गळ टाकतो. मरळ भुकेने नव्हे, रागाने तो गळ धरते. पाच मिनिटांत काम होते. त्यानंतर त्या हजारो पिलांचे काय होते हे पाहायला तो थांबत नाही. राखण गेली की इतर मासे, बेडूक, पाणसाप आणि ढोकरी पक्षी ती पिले दिवसभरात संपवतात.

जुन्या करारातील अनुवाद ग्रंथात पाखराच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. वाटेने जाताना घरटे सापडले आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर आईला पिलांसकट धरू नये. आईला जाऊ द्यावे. हा नियम पाळणाऱ्याचे कल्याण होईल, तो दीर्घकाळ नांदेल, असेही तिथे म्हटले आहे. पाखरांच्या शिकारीला बंदी नाही. पण आईपणाचा फायदा घेऊन शिकार करण्याला आहे. मरळीला हा नियम लावायला विशेष पांडित्य नको. लाल पिले दिसली की गळ गुंडाळून दुसऱ्या काठाला जावे.

"मी सोडला तर दुसरा धरील"

यावर जी उत्तरे मिळतात ती मला ठाऊक आहेत. पहिले म्हणजे, "मी सोडला तर दुसरा धरील." धरीलही. परंतु हाच न्याय आपण बांध कोरणाऱ्याला, मोरीचे पाणी चोरणाऱ्याला लावत नाही. गावात दहा घरांनी टोपली लावायचे थांबविले, तर अकरावा लाजतो. हे मी मद्यपानाच्या बाबतीत पाहिले आहे, माशांच्या बाबतीतही तसेच होईल.

दुसरे उत्तर, "सरकार बीज सोडतेच की." ते कोणत्या माशांचे सोडते हे वर सांगितले. गावठी मासा गेला तर तो सरकारी बीजाने परत येत नाही.

तिसरे उत्तर गरिबाचे आहे आणि ते मला सर्वांत अवघड वाटते: "मृगात मजुरी अजून हाती आलेली नसते, डाळ महाग असते, आणि ओढ्यातला मासा फुकट मिळतो. तोही खाऊ नको म्हणता?" अशा घराला उपदेश करणे बरे नव्हे. त्यांनी ओढ्याच्या तोंडापासून दूर, बांधावर बसून एका गळाने घरापुरता मासा अवश्य धरावा. त्यातही चिलापी धरावी. चिलापी बाहेरून आलेली आहे, बारा महिने विते, तळ्यात तिची गर्दी होते आणि ती गावठी माशांचे अन्न खाते. ती धरल्याने तळ्याचे भलेच होते. माझा आक्षेप एका गळाला नाही. तो आहे ओढ्यावर आडव्या बांधलेल्या जाळ्याला, बांधीच्या तोंडाशी लावलेल्या सापळ्याला, आणि मच्छरदाणीच्या कापडाने नखाएवढी पिले गाळून नेणाऱ्या हावेला.

मत्तडीवरून खाली पडणाऱ्या माशांविषयीही विचारले जाते. तो मासा वीण करायला निघालेला नसतो, पुराबरोबर वाहून खाली जात असतो. तळी साखळीने जोडलेली असल्यामुळे तो खालच्या गावाच्या तळ्यात पोचतो. तो धरण्यात वरच्यासारखा दोष नाही. मात्र तिथे दुसराच धोका आहे, त्याचे पुढे सांगतो.

पाणी कोणाचे आणि कसले

वेळ साधली तरी पाणी चुकीचे असेल तर उपयोग नाही. गावतळ्यांतील मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. मुदिराज, गंगपुत्र, बेस्ता या समाजांची कुटुंबे त्यावर जगतात. तळ्याचे पाणी आपल्या शेताला येते म्हणून तळ्यातला मासा आपला होत नाही. गळ टाकण्यापूर्वी संस्थेला विचारावे. रात्री गुपचूप जाळे लावणे ही चोरीच आहे, आणि तीही आपल्याहून गरिबाच्या घरची. सुरुंग उडवून वा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कीटकनाशक ओतून मारलेला मासा खाणाऱ्याच्याही पोटात विष घालतो. विजेची तार पाण्यात सोडणारा तर माशाच्या आधी स्वतःच जाऊ शकतो.

शहराच्या सांडपाण्याचे पाणीही टाळावे. हुसेनसागर व शहराखालची मूसी येथील मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. पटाणचेरू भागात औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतुनाशक औषधांचे फार मोठे प्रमाण आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जगाला कळविले. कारखान्यांच्या ओढ्याखालच्या तळ्यांपासून म्हणूनच दूर राहावे. सकाळी आयता मेलेला, तरंगणारा मासा तर कुठल्याच पाण्यातला उचलू नये. तो कशाने मेला हे डोळ्यांना दिसत नाही.

मांजरा अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे, आणि तिथे मगरीही आहेत. दोन्ही कारणे पुरेशी आहेत.

जीव आधी

ही चार नक्षत्रे माशाला जितकी नाजूक तितकीच माणसालाही. मृगाच्या वळवासारख्या पावसात वीज पडते. भारतात दरवर्षी २ हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांत उघड्या रानात व पाण्याकाठी असलेले शेतकरी, गुराखी पुष्कळ असतात. वीज चमकल्यापासून तीस आकडे मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर गळ तिथेच टाकून पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत फिरू नये. हल्लीचे काळे कार्बनचे लांब गळ वीज ओढून घेण्यास लोखंडी सळईइतकेच तत्पर असतात.

मत्तडीचा दगड शेवाळाने निसरडा असतो आणि गुडघाभर वाहते पाणीही माणसाला उलथवून टाकते. माशांसाठी मत्तडीत उतरलेली तरुण मुले वाहून गेल्याच्या बातम्या पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. घरातील मुलांना तिथे एकटे पाठवू नये. पायाला जखम असताना साचलेल्या गढूळ पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरा ज्वर अशाच वाटेने शरीरात शिरतो. पाण्यात उतरून आल्यावर काही दिवसांनी ताप, अंगदुखी आणि डोळे लाल असे झाले, तर घरगुती काढ्यावर न थांबता दवाखाना गाठावा आणि आपण पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

माझी सूचना

सूचना साधी आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू आणि पुष्य ही चार नक्षत्रे, म्हणजे साधारण ८ जूनपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आपल्या धर्मग्रामातील घरांनी जाळे, टोपली व सापळा खुंटीला टांगावा. समुद्रावरचे कोळी पावसाळ्याच्या तोंडावर बंदी पाळतात; अनेक धरणांतही अशी बंदी असते. ओढ्यांना आणि बांधींना मात्र रखवालदार नाही. ते काम आपण अंगावर घ्यावे. शिवाय या आठ आठवड्यांत पेरणी, लावणी आणि निंदणीतून सवड तरी कोणाला असते?

पुष्य संपल्यावरही लाल पिले दिसतील तिथे गळ टाकू नये. तळ्याचा शेवटचा डोह राखावा. धानाच्या बांधीत पिले असताना कीटकनाशक फवारण्याआधी दोनदा विचार करावा. जमल्यास गावच्या मच्छीमार संस्थेच्या लोकांना बोलावून हे सारे त्यांच्यापुढे मांडावे. त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते आणि या गोष्टीत सर्वांत मोठा लाभही त्यांचाच आहे. शेततळे असलेल्यांनी अधिक माहितीसाठी मत्स्य विभागाकडे जावे. राजेंद्रनगरजवळ उड्डाणपुलाच्या कडेला माशाच्या आकाराची जी इमारत आपण बसमधून पाहतो, ती राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची आहे. हे मंडळ २००६ पासून आपल्याच शहरात आहे.

मग ऑक्टोबर येईल. पाणी निवळेल, वाऱ्याने लाटा उठतील, आणि ज्याने चार नक्षत्रे हात आवरला त्याला बांधावर निवांत बसून मरळ धरता येईल. ती अंडी घालून, पिले वाढवून मोकळी झालेली असेल. तिची एक-दोन पिले पुढच्या वर्षी आपल्या मुलांच्या गळाला लागतील.